उशिरा गोठलेलं तळं

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, तरी केटल मिलचं तळं गोठेना.

सकाळी काठाकाठानं पातळ पापुद्रा धरायचा, दुपारी तोही विरघळायचा आणि बदकं पुन्हा मधोमध पोहायला लागायची. विस्कॉन्सिनमध्ये जानेवारीत पोहणारी बदकं आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. रस्त्यांत चिखल. चर्चला जाताना बायका झगे वर धरून चालायच्या. बाकी गाव या उबेवर खूश होतं, कारण जळण वाचत होतं. आमच्या घरात मात्र कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आमचं पोट त्या तळ्यावर होतं.

माझे सासरे राइनहोल्ट झास्त्रो गावाला बर्फ पुरवायचे. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापायचा, काठावरच्या लाकडी बर्फघरात भुशात पुरून ठेवायचा आणि उन्हाळाभर घोडागाडीतून घरोघर पोचवायचा. ज्या घराला बर्फ हवा असेल त्यानं खिडकीत कार्ड लावायचं. कार्डाच्या चार बाजूंना वजनाचे चार आकडे, जेवढा तुकडा हवा तो आकडा वर. सासरे गाडीतूनच आकडा वाचायचे, तुकडा तोडायचे, खांद्यावर कातडं टाकून त्यावर तो घ्यायचे आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात जाऊन बर्फाच्या पेटीत ठेवायचे. गावातलं लोणी, दूध, खाटकाकडचं मांस, आजाऱ्याच्या कपाळावरची पट्टी, सगळं त्यांच्या खांद्यावरून जायचं.

मी आदल्याच वसंतात लग्न होऊन या घरात आले होते. माझे वडील गावातले शिंपी. मेन स्ट्रीटवर दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मी वाढले. माहेर हाकेच्या अंतरावर होतं, पण घोडी, ओला भुसा आणि चुलीवर वाळणारे लोकरी मोजे यांचा वास मला नवा होता. सासरी आपसात जर्मन बोलायचे. मला नीट समजायला लागलं होतं, बोलताना मात्र जीभ अडखळायची, आणि माझा नवरा एर्विन हसायचा.

सासरे रोज सकाळी बर्फाची जाडी बघायला गिरमिट घेऊन तळ्यावर जायचे. गिरमिट फिरवायला खाली बर्फच नसायचा, तरी ते घेऊन जायचे. परत आले की ते भिंतीला टेकवायचे आणि कॉफी प्यायला बसायचे. सासूबाई काही विचारायच्या नाहीत. कपात साखर जरा जास्त घालायच्या, एवढंच.

गावात मात्र सगळे विचारायचे. क्लेम बोडेन न्हाव्याच्या दुकानात शनिवारी निम्मं गाव बसलेलं असे. क्लेमची कात्री आणि जीभ दोन्ही सारख्याच चालायच्या. "राइनहोल्ट," तो म्हणाला, "या वर्षी पाणीच बाटल्यांत भरून वीक की! लोक घरी नेऊन गोठवतील." खुर्च्या हसल्या. त्यातच औषधाच्या दुकानाचा मालक व्हिटकोम बसला होता. त्यानं शरद ऋतूत दुकानातल्या आइस्क्रीमसाठी विजेचं थंड करणारं यंत्र आणलं होतं आणि ते बघायला रांग लागली होती. व्हिटकोम वाईट माणूस नव्हता. सहज बोलून गेला, "राइनहोल्ट, काळ बदलतोय रे. देवाच्या भरवशावर धंदा करायचे दिवस गेले."

सासऱ्यांच्या अर्ध्या गालावर साबण होता. ते तसेच उठले. "ज्याला माझ्या बर्फाची गरज नाही," ते म्हणाले, "त्यानं माझ्या तळ्याकडे फिरकू नये. कुणीच फिरकू नये." आणि अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. उरलेली त्यांनी स्वयंपाकघरातल्या आरशासमोर केली. तेवढा वेळ मी विहिरीवर गेले होते. मुद्दामच गेले होते.

जानेवारीच्या अखेरीला वारा उत्तरेकडून फिरला. संध्याकाळी घराच्या फळ्यांतले खिळे ताडताड वाजायला लागले. गारठ्यानं लाकूड आकसलं की ते असं वाजतं. सासूबाईंनी शिवण खाली ठेवलं. सासरे खिडकीशी गेले, काचेवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

त्या आठवड्यात ते दिवसातून दोनदा तळ्यावर जायला लागले. आता गिरमिटाला काम होतं. चार बोटं, मग अर्धी वीत. घोडी उभी करायला निदान वीतभर जाडी लागते. बर्फ ऑगस्टपर्यंत टिकायचा तर दीड वीत हवी. सासरे म्हणाले, "आणखी चार दिवस." पण वीत भरली त्याच दुपारी ते परत आले ते उजवा गुडघा चोळत. दारात उभे राहून त्यांनी हवा हुंगली.

"दक्षिणेकडून येतंय," ते म्हणाले. "उद्याचा दिवस मिळेल. संध्याकाळनंतर पाऊस."

एर्विन म्हणाला, "मग उद्याच कापू या. वीतभर तर वीतभर."

"कोण कापणार? तू आणि मी?"

खरी अडचण ती होती. दरवर्षी आसपासच्या शेतांवरची माणसं कापणीला यायची. हिवाळ्यात त्यांना दुसरं काम नसायचं. या वेळी त्यांनी नाताळपर्यंत वाट पाहिली आणि मग उत्तरेच्या जंगलात लाकूडतोडीला निघून गेली. त्यांना तरी कसा दोष देणार? घरी तोंडं होती. आता गावात उरले होते ते दुकानदार, म्हातारे आणि ज्यांना फिरकू नका म्हणून सांगितलं होतं ते.

"गावात विचारू या," एर्विन म्हणाला.

सासऱ्यांनी टोपी घातली आणि घोडीला दाणा घालायला तबेल्यात गेले. एर्विन त्यांच्या मागे गेला.

स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई उरलो. सासूबाई, हुल्डा झास्त्रो, बुटक्या, रुंद खांद्यांच्या होत्या. चालताना त्यांच्या पावलांचा आवाज यायचा नाही. त्यांनी हात पुसले आणि भिंतीवरच्या टेलिफोनकडे बघत उभ्या राहिल्या.

त्या टेलिफोनची एक गोष्ट होती. एका तारेवर निम्मं गाव जोडलेलं. कुणाचीही घंटा वाजली की बाकीचे हळूच नळी कानाला लावायचे. सगळेच लावायचे, त्यात लाज वाटून घ्यायचं काही नव्हतं. सासूबाईंनी एकदा वाण्याकडे खमीर मागवलं. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्या काय बोलल्या देव जाणे. तारेवर कुणीतरी बाई त्यांची हुबेहूब नक्कल करून हसली आणि मग आणखी दोघी हसल्या. तेव्हापासून सासूबाई टेलिफोनवरची धूळ पुसायच्या, पण त्याला कान लावायच्या नाहीत. मी यायच्या आधीची गोष्ट ही. एर्विननं सांगितली होती.

"आई," मी म्हणाले, "मी करते टेलिफोन. मला सगळे ओळखतात."

"म्हणूनच तू नको," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तू केलास तर म्हणतील, शिंप्याची लेनोरा सासऱ्यासाठी गयावया करतेय. घर माझं आहे."

"पण आई..."

"स्टूल दे."

टेलिफोन उंचावर होता. त्या स्टुलावर चढल्या, दांडी फिरवली आणि एक्स्चेंजवरच्या मिस पर्डीला म्हणाल्या, "सगळे घंटी. सगळ्यांना."

एकच लांबलचक घंटा म्हणजे आग लागल्याची खूण. सगळ्या घरांत ती एकदम वाजायची. मिस पर्डी घाबरून विचारत असावी, कारण सासूबाई म्हणाल्या, "आग नाही. आग असता तर बरा होता. वाजव तू."

मग त्या थांबल्या. कानाला लावलेल्या नळीतून मलाही ऐकू येत होतं, एकेका घरात टेलिफोन उचलल्याची खट्, खट्, खट्. मग सगळीकडे शांत. कुणाचा तरी श्वास. कुणाच्या घरी मागे कुत्रं भुंकत होतं.

"मी हुल्डा झास्त्रो," त्या म्हणाल्या. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "उद्या बर्फ कापतो. सूर्य येतो तेव्हा. माणूस नाही. माझा नवरा विचारत नाही, तो... तो असाच आहे, तुम्हाला माहीत. मी विचारतो. या. जेवण मी करतो. पुष्कळ जेवण."

कुणी हसलं नाही. उत्तराची वाट न बघता त्यांनी नळी टांगली, स्टुलावरून उतरल्या आणि लगेच डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा काढून चिरायला बसल्या. जणू माणसं येणार हे ठरूनच गेलं होतं. मला रडू येत होतं. त्या म्हणाल्या, "बटाटे सोल. मोठ्या टोपलीतले सगळे."

सासऱ्यांना त्यांनी काहीच सांगितलं नाही. पहाटे ते आणि एर्विन दोघंच तळ्यावर गेले, मिन्नाला घेऊन. मिन्ना आमची करडी घोडी, शांत आणि पोक्त. मीही गेले, करवती उचलायला. आभाळ शिशासारखं होतं. सासऱ्यांनी मिन्नाला बर्फाच्या नांगराला जुंपलं. हा नांगर जमिनीच्या नांगरासारखाच, फक्त फाळाच्या जागी एकामागे एक पोलादी दात. त्यानं बर्फावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, मग रेघेवर करवतीनं कापायचं आणि पहारीनं तुकडा मोकळा करायचा.

दोन रेघा मारून झाल्या आणि सासरे थांबले. गिरणीच्या रस्त्यावरून माणसं येत होती. पुढे चर्चचे पास्टर लुडके, लांब काळा कोट कमरेला दोरीनं बांधलेला. मागे क्लेम न्हावी, खाटीक, बँकेतले दोन कारकून, क्रीमरीतली, म्हणजे लोण्याच्या कारखान्यातली पोरं, शाळेचा रखवालदार. काहींच्या हातात घरच्या लाकडं कापायच्या करवती. आणि मागे, पायांत गावातले चकचकीत जोडे घालून, व्हिटकोम.

सासऱ्यांनी एर्विनकडे पाहिलं. एर्विननं माझ्याकडे पाहिलं. मी घराकडे पाहिलं. धुराड्यातून जोरात धूर निघत होता.

सगळे काठाशी येऊन उभे राहिले. कुणालाच सुरुवात करवेना. मग सासरे व्हिटकोमच्या पायांकडे बघत म्हणाले, "हे जोडे घालून आलास तर सरळ मिशिगन सरोवरात जाशील."

"माझ्याकडे हेच आहेत," व्हिटकोम म्हणाला.

"तुझ्या यंत्राला बर्फ लागत नाही ना?"

"यंत्राला नाही लागत. बायकोच्या बर्फाच्या पेटीला लागतो. तिनं काल टेलिफोन ठेवला आणि मला जेवण वाढायचंच थांबवलं."

क्लेम फिस्सकन हसला. सासरे हसले नाहीत, पण त्यांनी पिशवीतून बर्फावर घसरू नये म्हणून जोड्यांखाली बांधायचे खिळ्यांचे जुने तळवे काढले, खाली बसले आणि व्हिटकोमच्या जोड्यांना स्वतःच्या हातांनी बांधले.

मग काम सुरू झालं. न्हावी आणि कारकून करवत ओढायला लागले. खालच्या पाण्यात करवत जाते तेव्हा तिचा आवाज बदलतो, जाड होतो. सुटलेले तुकडे निळसर, काचेसारखे. पास्टर लांब आकडीच्या काठीनं ते कापलेल्या पाटातून ढकलत बर्फघरापाशी आणायचे. तिथून दोरीनं लाकडी घसरणीवरून वर. आत एर्विन भुसा पसरायचा. नऊ वाजेपर्यंत सगळ्यांच्या मिशांवर पांढरे खडे धरले होते. क्लेम ओरडत होता, "पास्टर, तुमची मेंढरं पळतायत, आवरा!" आणि पास्टर पळणाऱ्या तुकड्याला काठी टोचून परत आणत होते.

दुपारच्या आत ते झालं. तळ्याला एक झरा मिळतो, त्याच्या तोंडाशी बर्फ पातळ होता. सासऱ्यांनी तिथे फांदी रोवली होती. कुणाच्या तरी धक्क्यानं ती पडली असावी. एर्विन मिन्नाला वळवत होता. मागचे पाय खचले, तडकल्याचा आवाज झाला आणि घोडी नांगरासकट पाण्यात गेली.

मी घोडीचं असं ओरडणं आधी कधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही.

"मागे व्हा! फळ्या आणा!" सासरे पोटावर झोपले आणि सरपटत कडेशी गेले. हातमोजे दातांनी ओढून काढले. नांगराच्या साखळ्या तिला खाली खेचत होत्या. त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले आणि आकडे चाचपायला लागले. तिचे पुढचे पाय त्यांच्या डोक्याजवळ आपटत होते. एक आकडा निघाला. दुसरा निघेना. पाण्यात तोंड जाईपर्यंत ते वाकले. मग साखळी सुटली आणि नांगर तळाशी गेला.

बर्फावर काम करणाऱ्या घोड्याच्या गळ्यात एक सैल फास कायम असतो. सासऱ्यांनी त्याची दोरी हाताला गुंडाळली आणि ओरडले, "ओढा! गळा आवळा!"

"अहो, मरेल ती!" व्हिटकोम किंचाळला.

"श्वास आत कोंडला तर तरंगेल! ओढ म्हणतो ना!"

व्हिटकोम ओढायला लागला. त्याच्या मागे पास्टर, क्लेम, कारकून, मी, सगळी रांग. मिन्नाचे डोळे पांढरे झाले, ती फुगली आणि पिंपासारखी आडवी होऊन वर आली. खाली फळ्या सरकवल्या. रांग मागे मागे गेली. दोरीच्या पुढच्या टोकाला सासऱ्यांचे उघडे हात होते, ओली दोरी त्यांच्यावर गोठत चाललेली, आणि ते सोडत नव्हते. घोडी बर्फावर आली. एर्विननं फास सैल केला. ती मेल्यासारखी पडून राहिली. मग तिच्या छातीतून घरघर निघाली, ती खोकली आणि धडपडत उभी राहिली.

"पळवा हिला! थांबू देऊ नका! लेनोरा, तू ने!"

सासूबाई घरातून धावत आल्या होत्या. त्यांच्या हातात माहेराहून आणलेली हंसाच्या पिसांची दुलई होती. माझ्या लग्नातसुद्धा ती पेटीतून बाहेर आली नव्हती. त्यांनी ती ओल्या घोडीच्या पाठीवर टाकली आणि दोरीनं बांधली. मी लगाम धरला आणि पळत सुटले.

मेन स्ट्रीटवर वर, चर्चपर्यंत, आणि परत खाली. क्लेमच्या दारावर पुठ्ठा होता, "तळ्यावर आहे." माझे वडील गळ्यातल्या टेपसकट दुकानातून बाहेर आले आणि काही न विचारता घोडीच्या दुसऱ्या बाजूनं पळायला लागले. शाळेच्या खिडक्या उघडल्या, मास्तरीणबाईंनी पोरांना रागावायचं सोडून स्वतःच डोकं बाहेर काढलं. बेकरीवाल्या बाईनं भट्टीत गरम केलेली पोती आणली आणि पळता पळता मिन्नाच्या पोटाला बांधली. मिस पर्डी एक्स्चेंजच्या जिन्यावर उभी होती, कानांवर अजून तारा लटकत होत्या. "जगेल का गं?" तिनं ओरडून विचारलं. मला दम नव्हता. वडीलच म्हणाले, "जगेल, जगेल! तू तुझ्या घंट्या बघ!"

तिसऱ्या फेरीला मिन्नाच्या अंगातून वाफ निघायला लागली. तेव्हा मी रस्त्यातच तिच्या मानेला मिठी मारली.

तळ्यावर परत गेले तर काम थांबलेलं नव्हतं. क्रीमरीनं घसरणीची दोरी ओढायला आपला दुधाच्या गाडीचा घोडा पाठवला होता. सासऱ्यांना सगळे घरी जा म्हणत होते, ते जात नव्हते. आकडीची काठी बगलेत दाबून ते तुकडे ढकलत होते, कारण बोटं मिटत नव्हती.

अंधारून येईपर्यंत बर्फघर पाऊण भरलं. सांगून टाकते, तो बर्फ ऑगस्ट संपेपर्यंत पुरला. पुरला म्हणजे गावानं पुरवला. जुलैपासून लोकांनी आपणहून खिडकीतली कार्डं फिरवून लहान आकडा वर केला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सासरे पाटी वाचल्यासारखे एकेक खिडकी वाचत जायचे आणि पुढच्या घरी गाडी हाकायचे. मिन्ना त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली.

पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. सगळे आमच्या स्वयंपाकघरात, बाकांवर, पेट्यांवर, उलट्या बादल्यांवर. मांस, आंबवलेला कोबी, बटाट्याचे गोळे, राईचा पाव, सफरचंदाचा केक. ओल्या लोकरीचा वास इतका की दिव्याभोवती धुकं. सासरे टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांचे हात सुजून लाल झालेले, तळव्यांची साल निघालेली. सासूबाईंनी चरबी लावून फडकी गुंडाळली होती. प्रार्थना झाली. सासऱ्यांनी काटा उचलायला हात पुढे केला. काटा निसटला, ताटलीवर वाजला आणि खाली पडला.

सगळ्यांचे काटे थांबले. त्यांनी दुसऱ्या हातानं पाव धरून पाहिला. तोही धरता येईना. त्यांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. हा माणूस मेला असता, पण चारचौघांत भरवून घेतलं नसतं.

सासूबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पाव मोडला, रश्श्यात बुडवला.

"तोंड उघड," त्या हळूच म्हणाल्या.

ते समोर बघत राहिले. मी उठून केक कापायला घेतला.

तेवढ्यात क्लेमनं आपली बादली चुलीकडे फिरवली, टेबलाकडे पाठ केली आणि मोठ्यानं म्हणाला, "पास्टर, मला किती वर्षं एक विचारायचंय. नोहानं महापुरातून जोडीजोडीनं प्राणी वाचवले, त्या नावेत मासे होते का हो?"

पास्टरांनी क्लेमकडे पाहिलं. मग त्यांनीही खुर्ची उचलून चुलीकडे वळवली. "हा प्रश्न गंभीर आहे," ते म्हणाले.

"नसणार," खाटीक म्हणाला आणि वळला. "ठेवणार कशात?"

"पिंपात!" व्हिटकोम म्हणाला. "पण मग पाणी गोडं की खारं?" तोही वळला. कारकून वळले, क्रीमरीची पोरं वळली. बघता बघता सगळ्या खोलीची पाठ टेबलाकडे झाली आणि असा काही वाद पेटला की बाहेरच्याला वाटावं मारामारी चाललीय. गोड्या पाण्यातले मासे खाऱ्या पुरात मेले असतील का, देवमाशाला मासा म्हणायचं का, नोहाच्या बायकोनं चाळीस दिवस मासे तळले नसतील कशावरून. एकानंही मान मागे वळवली नाही.

मी केक कापत होते, म्हणून मला दिसलं. सासऱ्यांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी घास दिला. मग दुसरा. त्यांनी मांस बारीक केलं, कॉफीचा कप त्यांच्या ओठांना लावला. ते लहान पोरासारखे, डोळे मिटून, भुकेलेले, सावकाश जेवले. छपरावर पावसाचे पहिले थेंब वाजायला लागले आणि लगेच जोराची सर आली. वाद करणाऱ्यांनी फक्त आवाज वाढवला.

ताटली रिकामी झाली. सासूबाईंनी आपल्या ॲप्रनच्या टोकानं त्यांची हनुवटी पुसली आणि उठून चुलीवर पाणी ठेवलं.

भांड्याचा आवाज ऐकला तेव्हा पास्टर लुडके गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

"मासे बाहेरच होते, क्लेम," ते म्हणाले. "त्यांना कशाला हवी नाव?"

आणि सगळे कोट शोधायला लागले.